पाचवी सूचना

“एकदा मला वाचून दाखवा बाई, मग जाऊ द्या छापायला.”

इलाही मिस्त्री माझ्या टेबलापाशी उभे होते. हाताला ग्रीस लागलेलं, म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. माझ्या कागदांना डाग लागू नये याची त्यांना फार काळजी. आणि मी सारखी दाराकडे बघत होते, कारण छापखान्याचा माणूस बाहेर सायकल धरून उभा होता.

“अहो मिस्त्री, आता कुठे वाचत बसू? खंडेनवमीला पहिला कुकर बाहेर पडायचाय. तुम्ही सांगितलंत तेच लिहिलंय, माझ्या पदरचं एक अक्षर नाही त्यात.”

“तसं न्हाई वो. तुमी शिकलेल्या, तुमचं चुकंल कशाला? पर आमच्यात रीत हाय. एकानं नट आवळला की दुसऱ्यानं पाना लावून बघायचा. आवळणाऱ्याला आपला नट घट्टच वाटतोय.”

“हे पुस्तक आहे, नट नाही.”

ते हसले. “बरं, ऱ्हायलं,” म्हणाले आणि शॉपमध्ये निघून गेले. मी कागद पाकिटात घातले आणि त्या माणसाला दिले. दहा मिनिटांचं काम होतं. ती दहा मिनिटं मी त्या भल्या माणसाला दिली नाहीत, आणि ती मला कुठल्या देवाने परत द्यायची?

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची, इचलकरंजीची. मी चोवीस वर्षांची होते. मराठीत एम. ए. केलेलं, विद्यापीठात दुसरी आलेली, आणि नोकरी कुठे तर आण्णा बोरगाव्यांच्या यंत्राच्या कारखान्यात! घरचे हसायचे. म्हणायचे, शैला आता लोखंडाला अलंकार शिकवणार. पण आण्णांचा विचार पक्का होता. त्यांच्याकडे सायझिंगची यंत्रं व्हायची. सूत मागावर चढायच्या आधी त्याला कांजी पाजावी लागते, तेव्हा ते तुटत नाही. ते काम म्हणजे सायझिंग. पूर्वी ही कांजी उघड्या टाकीत तास न् तास रटरटत बसायची. आण्णांनी बंद झाकणाचा, वाफेच्या दाबावर चालणारा कुकर काढला. पाऊण तासात कांजी तयार. पण गावात दाबाचं भांडं कुणी चालवलेलं नव्हतं आणि कंपन्यांची पुस्तकं सगळी इंग्रजीत.

“इंग्रजी पुस्तक लोक खिळ्याला अडकवतात बाई,” आण्णा म्हणाले होते. “मला असं मराठी पुस्तक पाहिजे की कामगारानं हातात धरून मशीन चालवलं पाहिजे.”

हातात धरून. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी मान डोलावली होती.

यंत्र मला शिकवलं इलाही मिस्त्रींनी. त्यांना सही सोडून काही लिहिता येत नव्हतं, पण कुकरचा बोल्ट न् बोल्ट त्यांच्या हातचा. ते करून दाखवायचे आणि मी वहीत उतरवायची. एखादी गोष्ट मला समजली नाही तर चिडायचे नाहीत, माझाच हात धरून व्हॉल्व्हवर ठेवायचे आणि म्हणायचे, “फिरवा. आता कळलं?” झाकणाचा धडा त्यांनी मला तीनदा दिला.

“झाकनाला हात लावायच्या आधी ह्यो वरचा कॉक उघडायचा. शिट्टी येईल. शिट्टी थांबेस्तवर गप उभं ऱ्हायचं. दाबाचा काटा शून्यावर आला म्हून फसायचं न्हाई. कांजी आत बसली की काटा अडकतोय. काटा लबाड हाय. कानानं ऐकायचं.”

मी हे सगळं लिहिलं. एकही शब्द गाळला नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. फक्त नंतर घरी बसून मी त्याची मांडणी केली. कृती एकीकडे काढल्या, नऊ कृती, एकाखाली एक. सावधगिरीच्या सूचना दुसरीकडे काढल्या, सात सूचना, त्यांना स्वतंत्र पान आणि भोवती लाल चौकट. मोठ्या कंपन्यांच्या पुस्तकात तसंच असतं, मी बघितलं होतं. आण्णांनी पान उलटून बघितलं आणि म्हणाले, “वा! अगदी फॉरेनचं वाटतंय.” मला आभाळ ठेंगणं झालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, ती मी.

मिस्त्रींची मुलगी जैबुन दुपारी बापाचा डबा घेऊन यायची. जैबू म्हणायचे सगळे. वीस वर्षांची, बोलायला फटकळ, हसायला लागली की ओढणी तोंडात कोंबायची. उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“ताई, मला मराठी वाचायला शिकवा की.”

“कशाला गं?”

“लगीन ठरलंय. त्यो सायझिंगात कांजीवर हाय. त्याला वाचाय येत न्हाई. घरात एकाला तरी याय पायजे का नको?”

मग रोज डबा देऊन झाला की अर्धा तास ती माझ्याकडे बसायला लागली. दुसरं पुस्तक हाताशी नव्हतं, म्हणून माझ्याच मसुद्यावर शिकली. ओळीखाली बोट ठेवायची आणि एकेक शब्द फोडून वाचायची. “वा-फे-चा मुख्-य व्हॉल्व्ह.” मग ओढणी तोंडात. “काय वो ताई, तुमच्या पुस्तकात राजा-राणी का नसत्यात?”

“आमच्या पुस्तकात कॉक आणि बोल्ट असतात. वाच पुढे.”

तीन महिन्यांत ती वाचायला लागली. सावकाश वाचायची, पण चुकायची नाही. मिस्त्री दारातून ऐकत उभे राहायचे. एकदा डोळे पुसताना मी त्यांना पकडलं, तर म्हणाले, “धूळ लई हाय शॉपमधी.” लग्नाला मी गेले होते. दस्तगीर, म्हणजे तिचा नवरा, उंच, लाजाळू, भिवई तुटलेला मुलगा. मला म्हणाला, “ताई, ही आता दुकानाच्या पाट्या वाचत चालती. बाजारात जायला दुप्पट टाईम लागतोय.” बायकोचं कौतुक त्याच्या तोंडावर मावत नव्हतं.

पहिला कुकर गेला तो नेमका दस्तगीरच्या सायझिंगमध्ये. मिस्त्रींनी स्वतः बसवला. चालू करून दाखवायचं तेवढं राहिलं, तेवढ्यात सोलापूरहून बोलावणं आलं. जाताना ते सांगून गेले, “मी आल्याबिगर हात लावू नगा.” पण सोलापूरचं काम लांबलं. इकडे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, बीम, कांजीवाचून थांबलेले, मालकाचा जीव खालीवर. पाचव्या दिवशी दस्तगीरच म्हणाला, पुस्तक हाय की आपल्याकडे. सासऱ्याच्या कारखान्याचं, ताईंनी लिवलेलं. जैबू डबा घेऊन येईल तेव्हा वाचंल, मी करतो.

दुपारी एक वाजता जैबू डबा घेऊन गेली. ती वाचत गेली, तो करत गेला. कांजी उत्तम शिजली. मग झाकण उघडायची वेळ आली.

मला चार वाजता कळलं. आण्णांच्या जीपमधून आम्ही मिरजेला दवाखान्यात गेलो. दस्तगीरला छातीपासून वर ओळखता येत नव्हतं. जैबूच्या हातावर कांजीचे शिंतोडे उडून फोड आले होते. ती बाकावर बसलेली, ते पुस्तक तसंच हातात धरलेलं. मी शेजारी बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मिस्त्री दुसऱ्या दिवशी पहाटे सोलापूरहून आले आणि लेकीपासून लांब, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. चौथ्या दिवशी दुपारी दस्तगीर गेला. लग्नाला आठ महिने झाले होते.

मग फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. सभ्य माणूस होता, आवाज चढवला नाही. त्यांनी माझी पुस्तिका उघडली आणि लाल चौकटीतल्या सूचना बोट ठेवून वाचल्या.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“पाचवी सूचना. ‘झाकणाचे बोल्ट सैल करण्यापूर्वी वरचा कॉक उघडून शिट्टी थांबेपर्यंत वाफ पूर्णपणे सोडावी. काट्यावर विसंबू नये.’ यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं कुणी? जबाबात तेवढं लिहून द्या.”

मी आण्णांकडे बघितलं. आण्णा वाईट माणूस नव्हते, चार दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. हळूच म्हणाले, “आहे तेवढंच लिहा बाई. खोटं लिहायला मी सांगत नाही.”

आणि मी लिहिलं: “पुस्तिकेत सर्व सूचना स्पष्ट व पूर्ण दिलेल्या आहेत. झाकण उघडण्यापूर्वी वाफ सोडण्याची सूचना पान दहावर लाल चौकटीत आहे.” खाली सही केली. खोटं काहीच नव्हतं त्यात. काहीतरी राहतंय असं वाटत होतं, पण ते काय हे बघायला मी ते पुस्तक परत उघडलं नाही. भीती वाटत होती, दुसरं काय!

बाहेर मिस्त्री भिंतीला टेकून उभे होते. “काय लिवलं?”

मी सांगितलं.

ते भिंतीपासून बाजूला झाले. मग म्हणाले, “बराबर हाय. तुमचं पुस्तक बराबर हाय. आमच्याच पोरीनं नीट वाचलं न्हाई. कुनाला बोलायचं, आपलेच दात आन् आपलेच ओठ.”

तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं, मिस्त्री, जैबू वाचायला कधी चुकत नाही. म्हटलं नाही. खाली मान घालून घरी गेले.

चाळिसावा झाल्यावर मिस्त्रींच्या बायकोचा निरोप आला. जैबूची इद्दत चालू आहे, नवरा गेल्यावरचे चार महिने तिला बाहेर पडता येत नाही. ती तुमची आठवण काढते, एकदा येऊन जा. मी गेले. दुपारची वेळ होती. माजघरात ती चटईवर बसली होती, पांढरी ओढणी घेऊन. इतकी वाळली होती की मला रडूच फुटलं. ती रडली नाही. म्हणाली, “बसा ताई. चहा घेणार?”

“नको गं.”

“मग एक काम हाय तुमच्याकडं.” तिने फडताळातून पुस्तिका काढली. पानांना वाळलेली कांजी चिकटून ती कडक झाली होती. “मी वाचते. जसं त्या दिवशी वाचलं तसंच. तुमी ऐका आन् मी कुठं चुकले ते सांगा. अब्बा सांगत न्हाईत. सगळी म्हंत्यात, तुझं काय न्हाई, अल्लाची मर्जी. मला मर्जी नको. मला चूक पायजे.”

“जैबू, नको.”

“तुमीच शिकवलंय. तुमीच सांगा.”

आणि तिने ओळीखाली बोट ठेवलं. मी लिहिलेलं कुणीतरी सलग, यंत्रापाशी वाचावं तसं वाचताना मी ऐकलं ते त्या दिवशी, पहिल्यांदा; शिकवताना मी नुसती अक्षरं ऐकायची.

“कृती सात. वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा.” ती थांबली. “हितं त्यो बंद करून आला. मग म्हनला, वाच पुढं. कृती आठ. दहा मिनिटे थांबावे. थांबलो की आमी. घड्याळ लावून थांबलो. त्यानं काटा बघितला, शून्यावर हुता. कृती नऊ. झाकणाचे बोल्ट क्रमाने सैल करून झाकण उघडावे.”

ती परत थांबली.

“त्यो पाना घेऊन वर चढला. मी म्हनलं, अजून हाय, पान उलटायचं ऱ्हायलंय. त्यो म्हनला, वाच तू, मी ऐकतोय. पान चिकटलं हुतं, थुंकी लावून उलटलं. सावधगिरीच्या सूचना. एक. कुकर सपाट जागी बसवावा. दोन. पाण्याची पातळी दररोज तपासावी. तीन. झाकणाचे रबर दर महिन्याला बदलावे. चार. विजेची…” तिने बोट तिथेच रोवलं. “चौथा बोल्ट सैल झाला आन् हितं उडालं, ताई. पाचवं वाचायचंच ऱ्हायलं.”

काय राहत होतं ते मला तेव्हा कळलं. मी ज्याच्यासाठी लिहिलं तो माणूस खुर्चीत बसून, चहा पीत, पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार होता आणि मग उठून यंत्राकडे जाणार होता. असा माणूस त्या गावात एकाही सायझिंगमध्ये नव्हता. तिथे एकजण वाचतो आणि दुसरा ऐकत ऐकत हात चालवतो. पत्र असो, औषधाची चिठ्ठी असो, सगळं तसंच. मला ते ठाऊक होतं, मी रोज बघत होते. मिस्त्रींनी मला शिकवलं तेसुद्धा तसंच, आधी कॉक, मग शिट्टी, मग झाकण. ते मी तोडलं, आणि झाकण ठेवलं एका पानावर आणि शिट्टी दुसऱ्या पानावर. आणि तिथेही ती पाचवी, कारण आधी बसवण्याच्या सूचना, मग देखभालीच्या, मग वापराच्या, असा माझा व्यवस्थित क्रम होता. मिस्त्रींना एकदा वाचून दाखवलं असतं तर नवव्या कृतीलाच त्यांनी माझा हात धरला असता.

“जैबू,” मी म्हटलं, “तू चुकली नाहीस. एक शब्द चुकली नाहीस. चूक माझी आहे. ती पाचवी सूचना झाकणाच्या आधी यायला हवी होती. मी ती मागे टाकली. ऐकतेस ना? दस्तगीर माझ्यामुळे गेला.”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कीव होती.

“तुमी लई चांगल्या हाय, ताई. मला बरं वाटावं म्हून म्हंताय.”

“नाही गं! खरं सांगते!”

तिने उशीखालून एक कागद काढला. माझ्या जबाबाची नक्कल. मिस्त्रींनी आणली असणार. तिने त्यावर बोट ठेवलं आणि फोडून वाचलं. “पुस्तिकेत सर्व सूचना स्पष्ट व पूर्ण दिलेल्या आहेत. ही तुमची सही. वळखते की मी.” तिने कागद परत नीट घडी घालून ठेवला. “हे सायबापुढं लिवून दिलंय तुमी. लिवलेलं खोटं कसं आसंल?”

“तेव्हा मला कळलं नव्हतं. मी उद्या जाते, दुसरं लिहून देते. सगळ्यांना सांगते.”

“नका. आण्णांवर, अब्बांवर यील उगंच. काय खोटं सांगायचं माझ्यापायी.”

मी खूप बोलले. हाता-पाया पडले तिच्या. पानावर पेनने बाण काढून दाखवले, ही सूचना इथे हवी होती, बघ, इथे. ती मान हलवत राहिली, आजारी माणसाची समजूत घालतात तशी.

दुसऱ्या दिवशी मी खरंच नवा जबाब लिहून दिला. इन्स्पेक्टर साहेबांनी तो फाइलला लावला, म्हणाले, तुमच्या भावना समजतात, पण पुस्तिकेत सूचना होतीच ना. आण्णांनी सगळ्या प्रती परत मागवल्या आणि मी नवी पुस्तिका लिहिली. ओळ न् ओळ मिस्त्रींना वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकायचे आणि हात हवेत चालवायचे. नवव्या कृतीआधी कॉक आला तेव्हा त्यांचा हात थांबला, आणि तसाच हवेत राहिला. त्यांना तेव्हा कळलं. उठून नळावर गेले आणि किती वेळ तरी तोंड धूत राहिले. घरी जाऊन त्यांनी मुलीला सांगितलं, तिच्या पायावर हात ठेवून सांगितलं म्हणे. तिने बापालाही तेच उत्तर दिलं, अब्बा, मला बरं वाटावं म्हणून सांगताय. त्या पुस्तिकेवर पुढे तीस वर्षं कुणाला साधा चटका बसला नाही. बैल गेला अन् झोपा केला, आणखी काय!

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. मी निघाले, दारात चप्पल घालत होते. जैबूने हाक मारली.

“ताई, थांबा. एक बघून जावा.”

ती पुस्तिका घेऊन उभी होती. नववं पान उघडलेलं. त्या पानाचा कोपरा तिने आधीच अंगठ्यात धरून ठेवला होता.

“रोज वाचते मी. सकाळी पाच बार, सांच्याला पाच बार. आता ऐका.”

आणि तिने वाचायला सुरुवात केली. बोट नाही, फोड नाही, श्वास नाही. व्हॉल्व्ह, दहा मिनिटे, बोल्ट. अंगठ्याने पान उलटलं ते कळलंसुद्धा नाही. सपाट जागा, पाणी, रबर, वीज, आणि पाचवी सूचना, काट्यावर विसंबू नये इथपर्यंत, एका दमात. ती धापा टाकत होती. कपाळावर घाम आला होता. चेहरा मात्र उजळला होता, माझ्या टेबलाशी बसून पहिली ओळ वाचली होती तेव्हासारखा.

“चार बोल्ट सोडायच्या आत हुतंय आता. जमलं न्हवं, ताई?”

मी म्हटलं, “जमलं गं.”